एजंट म्हणतो चार महिने, जर्मनीची साइट म्हणते नव्वद दिवस

चोपड्याच्या_बाई

नमस्कार मंडळी. मी चोपड्याची. जिल्हा परिषदेच्या शाळेत ३१ वर्षं शिकवलं, दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. लेक जर्मनीत श्टुटगार्टला असते. मार्चच्या दहाच्या आसपास तिची तारीख आहे. पहिलं बाळंतपण, म्हणजे मायने जायलाच हवं. फेब्रुवारीच्या मध्यावर निघायचं आणि जूनमध्ये पाऊस पडायच्या आत परत यायचं, असं मनाशी धरलं होतं.

पासपोर्ट जळगावला पोस्टातल्या केंद्रात करून घेतला, त्यात काही अडचण आली नाही. मग तिथल्याच एका ट्रॅव्हलवाल्याकडे गेलो. तो म्हणाला, "ताई, आत्ता तीन महिन्यांचा टुरिस्ट काढू. तिकडे गेल्यावर महिनाभर वाढवून मिळतो. सगळे तसंच करतात." आमच्या ह्यांनी लगेच मान डोलावली. मला मात्र "सगळे तसंच करतात" ऐकलं की परीक्षेतली कॉपी आठवते.

घरी येऊन स्वतः शोधायला बसले. आधी आपल्या परराष्ट्र मंत्रालयाची साइट उघडली. पासपोर्ट, अपॉस्टिल, परदेशात अडकलेल्यांसाठी 'मदद' पोर्टल, सगळं आहे, पण जर्मनीच्या व्हिसाला कोणते कागद लागतात ते काही सापडेना. मग गुगलवर शोधलं. सगळ्यात वर जी साइट आली तिच्यावर जर्मनीचा झेंडा, गरुड, सगळं टापटीप. वडिलांच्या नावापर्यंत फॉर्म भरला आणि तिने साडेचार हजार रुपये मागितले. शेजारचा मुलगा बसला होता, त्याने पान पार खाली ओढून दाखवलं. मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलेलं, की आमचा कोणत्याही सरकारशी संबंध नाही!

तिसरी साइट लेकीने पाठवली, 'इंडिया डॉट डिप्लो डॉट डीई'. तिच्या नावात 'गव्ह' कुठेच नाही, म्हणून आता तिचीही शंका येते. तिच्यावर म्हणतात की १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं.

तर खरी साइट कोणती, आणि नव्वद दिवस खरे की ट्रॅव्हलवाल्याचे चार महिने? आते काय करसू?

भुसावळचा_जिभाऊ

बाई, लेकीने पाठवलेली साइट खरी आहे. मी रेल्वेतून रिटायर, मुलगा म्युनिकला, दोनदा जाऊन आलो. दोन्ही वेळा त्याच साइटवरून कागद जमवले.

आपलं मंत्रालय पासपोर्ट देतं. आत घ्यायचं की नाही ते समोरचा देश ठरवतो, म्हणून व्हिसाची माहिती त्यांच्या परराष्ट्र मंत्रालयाच्या किंवा दूतावासाच्या साइटवरच बघायची. 'गव्ह'चं म्हणाल तर ती खूण सगळीकडे चालत नाही. ब्रिटनचं 'गव्ह डॉट यूके', श्रीलंकेचं 'गव्ह डॉट एलके', थायलंड-जपानचं 'गो' असतं, फ्रान्सचं 'गूव्ह'. जर्मनीवाले यातलं काहीच लावत नाहीत. त्यांच्या मंत्रालयाचं नाव 'आउसवेर्टिगेस आम्ट', त्याच नावाची साइट आहे आणि जगभरच्या वकिलातींच्या साइट 'डिप्लो डॉट डीई' वर. मी मंत्रालयाच्या मूळ साइटवर जातो आणि तिथून भारताची लिंक पकडतो. गुगलच्या जाहिरातीला हातच लावत नाही.

नव्वद दिवसांचं शंभर टक्के खरं. आणि ते एकट्या जर्मनीचं नाही, शेंगेनमधल्या, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येतं त्या युरोपातल्या २९ देशांचं मिळून आहे. उतरलात तो दिवसही धरतात, निघालात तोही धरतात. 'वाढवून मिळतो' हे अगदीच खोटं नाही, पण ते विमानंच बंद पडली, माणूस दवाखान्यात पडला, अशा कारणांसाठी. नातू गोड आहे म्हणून वाढवत नाहीत. १२ ऑक्टोबर २०२५ पासून तिकडे यायची-जायची नोंद कॉम्प्युटरवर करायला सुरुवात झालीय, बोटांचे ठसे आणि फोटोसकट. पूर्वी शिक्के मोजावे लागायचे, आता मशीनच सांगतं हा माणूस किती दिवस राहिला. जास्त राहिलात तर दंड, आणि पुढच्या व्हिसाला अडचण. त्या वेळी ट्रॅव्हलवाला काही विमानतळावर येणार नाही.

धुळेकर_पांझराकाठ

बाईंचा विषय वेगळा आहे, पण सरकारी साइटवरूनही माणूस कसा फसतो ते सांगतो, कारण मी फसलोय.

आम्ही चार मित्रांनी तुर्कस्तानला जायचं ठरवलं. मी मोठा हुशार, एजंट नको म्हणालो, आणि ब्रिटनच्या सरकारी साइटवर तुर्कस्तानचं पान वाचलं. स्वच्छ लिहिलेलं, ९० दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही. झालं, तिकिटं काढली, तीही परत न होणारी, स्वस्तात मिळाली म्हणून. नंतर एका मित्राच्या बायकोने विचारलं, "अहो, हे ब्रिटिश पासपोर्टवाल्यांसाठी आहे ना?" चौघं एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसलो. आपल्याला व्हिसा लागतोच. ऑनलाइनवाला ई-व्हिसाही अमेरिका, ब्रिटन, आयर्लंड नाहीतर शेंगेनचा चालू व्हिसा किंवा तिथला राहण्याचा परवाना असेल तरच. आमच्यापैकी एकाकडे तो होता. तो एकटाच जाऊन आला आणि अजूनही ग्रुपवर फोटो टाकतो.

म्हणून आता कुठलंही पान उघडलं की आधी बघतो, हे कोणाच्या नागरिकांसाठी लिहिलंय.

अमळनेर_ते_फ्रँकफुर्ट

काकू, मी नऊ वर्षं इकडे आहे. आईला दोनदा आणलं. जिभाऊंनी सांगितलं ते बरोबर, थोडी भर घालते.

अर्जाचा फॉर्म फुकट असतो. व्हिसाची फी मोठ्यांना ९० युरो, अर्ज घेणाऱ्या केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. ठसे द्यायला तुम्हाला मुंबईला नाहीतर पुण्याला जावं लागेल. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि उशिरात उशिरा १५ दिवस आधी. पण त्या पंधरा दिवसांच्या भरवशावर राहू नका, अपॉइंटमेंटच मिळत नाही. विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो, सगळ्या शेंगेन देशांत चालणारा. पासपोर्टची मुदत परतीच्या तारखेनंतर अजून तीन महिने हवी, तुमचा तर नवाच आहे.

तुमचा खर्च लेक करणार असेल तर तिने तिकडच्या परदेशी नागरिक कार्यालयातून एक हमीपत्र काढायचं. त्याचं नाव फेरफ्लिष्टुंग्सएर्क्लेरुंग, एका दमात म्हणून दाखवा. २९ युरो लागतात. ते काढल्यापासून सहा महिन्यांत व्हिसाला लावावं लागतं. त्या कार्यालयाची तारीखही लवकर मिळत नाही, म्हणून लेकीला आजच सांगा.

आणि सामानाचं. हे कोणी विचारत नाही आणि मग विमानतळावर रडू येतं. भारतातून युरोपात दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे. तूप त्यातच आलं. माझ्या आईने घरचं दोन किलो कढवलेलं तूप आणलं होतं, कस्टमवाल्याने डबा उघडला, वास घेतला आणि बाजूच्या पिंपात टाकला. आई गाडीत बसेपर्यंत बोलली नाही. हे सगळं जर्मन कस्टमच्या साइटवर इंग्रजीत लिहिलेलं आहे, मी नंतर वाचलं. ताज्या फळांना रोगमुक्तीचा दाखला लागतो. फक्त पाच फळांना माफी आहे, अननस, नारळ, ड्युरियन, खजूर आणि केळी. म्हणजे रावेरची केळी चालतात, पण घरचं तूप नाही!

चोपड्याच्या_बाई

सगळ्यांचे आभार. काल रात्री पेन घेऊन बसले आणि लेकीने पाठवलेल्या साइटवरची यादी वहीत उतरवून काढली. आयुष्यभर शिक्षण खात्याची परिपत्रकं वाचली, त्या मानाने जर्मनांचं इंग्रजी सोपं आहे.

दिवस कॅलेंडरवर मोजले. १ मार्चला उतरले तर २९ मेला नव्वद भरतात. तारीख दहाची आहे, थोडी इकडे-तिकडे झाली तरी सव्वा महिना निघतो आणि वर महिनाभर बाळाला न्हाऊमाखू घालता येतं. त्यापुढे विहीणबाई येतील म्हणाल्या. हे ठरवायला व्हिसापेक्षा जास्त फोन करावे लागले, कारण आधी कोण जाणार यावरून दोन्ही घरांत आठवडाभर धुसफूस चालली होती. साइटवरच्या नव्वद दिवसांनी तो वाद मिटवला.

ट्रॅव्हलवाल्याला फोन करून सांगितलं की फक्त तिकीट काढा, बाकी आमचं आम्ही बघतो. तो म्हणाला, "ताई, तुम्ही फार वाचता."

एकच हुरहुर लागली आहे. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात, झोका बांधतात. यंदा आखाजीला मायच लेकीकडे असेल. मांडे करायला खापर न्यायची इच्छा होती, पण ते फुटेल म्हणून हे नको म्हणतात.

@अमळनेर_ते_फ्रँकफुर्ट, एक विचारायचं राहिलं. डिंकाच्या लाडवात तूप असतंच ना. ते तूप धरतात की मिठाई?

अमळनेर_ते_फ्रँकफुर्ट

काकू, बिस्किटं, केक, मिठाईला सूट आहे, पण लाडू त्यात बसतो का ते तिथल्या माणसावर असतं. मी कस्टमला आधीच ईमेल करून विचारते आणि इथे कळवते. तोवर डिंक, खारीक आणि गूळ तेवढे वेगळे न्या. तूप इथल्या दुकानात मिळतं, आपल्यासारखं रवाळ नसतं, पण चालतं. खापर हातातल्या बॅगेत कपड्यात गुंडाळून आणा, माझी आई तसंच घेऊन आली होती.