ऑनलाइन एमबीए: सत्तर हजारांचे घ्यावे की दोन लाखांचे?

पतसंस्थेतला

मी सांगली जिल्ह्यातल्या एका सहकारी पतसंस्थेत नऊ वर्षांपासून लेखनिक आहे. वाणिज्य शाखेची पदवी आहे, हाती चोवीस हजार पडतात, आणि शाखा व्यवस्थापकाच्या जागेसाठी संचालक मंडळाने यंदा पदव्युत्तर पदवीची अट घातली आहे. नोकरी सोडून पुण्यात किंवा कोल्हापुरात दोन वर्षे राहणे मला शक्य नाही, त्यामुळे गेले तीन महिने ऑनलाइन एमबीएची चौकशी करतो आहे. त्यातून माझे जे मत झाले ते इथे मांडतो. ते कोणी तरी खोडून काढावे, याच हेतूने धागा काढला आहे.

माझे मत असे: पदवी मान्यताप्राप्त आहे एवढी खात्री पटली की तिच्यातली सर्वांत स्वस्त ती घ्यावी. विद्यापीठ अनुदान आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे की मान्यताप्राप्त विद्यापीठांनी मुक्त, दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीने दिलेल्या पदव्या नियमित पदव्यांशी समकक्ष मानल्या जातील. असे असताना इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाच्या, म्हणजे इग्नूच्या, एमबीएची चारही सत्रांची फी मिळून साठ-सत्तर हजारांच्या आसपास होते, आणि खासगी अभिमत (डीम्ड) विद्यापीठांचे आकडे मात्र दीड लाखापासून सुरू होऊन तीन लाखांपर्यंत जातात. दोन लाख रुपये चोवीस महिन्यांत विभागले तर महिन्याला ८,३३३ रुपये होतात, म्हणजे माझ्या पगाराच्या एक तृतीयांशाहून जास्त. हा वरचा पैसा नेमका कशासाठी द्यायचा, हे मला कोणी पटवून देऊ शकलेले नाही.

पटवून देण्याचे प्रयत्न पुष्कळ झाले. एका संकेतस्थळावर माहितीपत्रकासाठी मोबाइल नंबर टाकला आणि त्या दिवसापासून रोज चार-पाच फोन सुरू झाले. 'सर, शिष्यवृत्ती आज रात्री बारापर्यंतच आहे.' ती शिष्यवृत्ती पुढच्या दोन आठवड्यांतही तेवढीच शिल्लक होती! शेवटी एका मुलीने 'जागा राखून ठेवण्यासाठी' ओटीपी सांगायला सांगितला. मी आलेला संदेश पूर्ण वाचला, तर तो कर्ज देणाऱ्या एका वित्त कंपनीचा होता आणि तो आकडा सांगणे म्हणजे माझ्या नावच्या कर्ज अर्जाला संमती देणे होते. दिवसभर दुसऱ्यांच्या कर्जाच्या कागदांवर सह्या घेणारा माणूस मी, आणि माझाच अंगठा उठणार होता. माझ्या मते महागड्या फीमधला मोठा वाटा या फोनांवर आणि जाहिरातींवर खर्च होतो.

चाकणची भरतीवाली

मी वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात बारा वर्षे कर्मचारी भरतीचे काम पाहते. तुमचा हिशेब बरोबर आहे, पण 'समकक्ष' या शब्दावर तुम्ही जेवढा भार टाकला आहे तेवढा तो पेलत नाही. समकक्ष म्हणजे पात्र. सरकारी नोकरीच्या अर्जात, पुढच्या शिक्षणासाठी किंवा तुमच्या संचालक मंडळाच्या ठरावासारख्या ठिकाणी तो शब्द पुरेसा आहे. आमच्याकडे मात्र अर्ज चाळणीतून खाली आला की पदवीचे काम संपते आणि समोर बसलेला माणूस काय बोलतो त्यावर सगळे ठरते. तिथे ज्याने दोन वर्षे थेट (लाइव्ह) वर्गांत हजेरी लावली, गटात काम केले आणि आपल्या कंपनीतल्या मालसाठ्याचा प्रश्न प्रकल्पासाठी घेतला, तो उमेदवार आणि ज्याने चार दिवस आधी पुस्तके उघडून परीक्षा दिल्या तो उमेदवार, यांच्यातला फरक पाच मिनिटांत कळतो. म्हणून 'स्वस्त ती घ्यावी' हे तुमच्या प्रकरणात योग्य ठरेल, पण सर्वांसाठी नियम म्हणून मला ते मान्य नाही.

एक सूचना मात्र आवर्जून करते. ठरावातला शब्द स्वतः वाचा. त्यात 'पदवी' आहे की 'पदविका'ही चालते? पुण्या-मुंबईतल्या काही नावाजलेल्या संस्था दूरस्थ पद्धतीने व्यवस्थापनाची पदव्युत्तर पदविका देतात. अभ्यास चांगला असतो आणि खासगी कंपन्या ती खुशाल स्वीकारतात, पण विद्यापीठाची एमबीए पदवी आणि ती पदविका एक नव्हे. आमच्याच एका पर्यवेक्षकाला हे दोन वर्षांनी, अर्ज परत आल्यावर समजले.

दुसरी पाळी

मी एक लाख ऐंशी हजार भरून एका अभिमत विद्यापीठाचे ऑनलाइन एमबीए केले आणि मला त्याचा पश्चात्ताप नाही. धागाकर्त्याने फी मोजली, वेळ मोजला नाही. माझी पदवी चोवीस महिन्यांत हातात आली. माझ्याच पाळीतल्या मित्राने त्याच महिन्यात स्वस्तातला मार्ग धरला (विद्यापीठाचे नाव घेत नाही). त्याचा प्रकल्पाचा आराखडा दोनदा परत आला, मार्गदर्शक बदलावा लागला, एका विषयाचे गृहपाठाचे गुण चढलेच नाहीत, आणि त्याला साडेतीन वर्षे लागली. त्या दीड वर्षात माझी वेतनश्रेणी बदलली. आता कोणाची पदवी स्वस्त पडली?

परीक्षेचेही तसेच. केंद्रावर जायचे म्हणजे रजा, एसटी आणि कधी कधी मुक्काम. मी सर्व परीक्षा घरी बसून दिल्या. ते सोपे असते असे मात्र कोणी समजू नये. सुरुवातीला लॅपटॉप उचलून खोलीच्या चारही भिंती, पलंगाखालची जागा, दाराचा कोपरा सगळे कॅमेऱ्याला दाखवायचे. दुसऱ्या सत्रात विपणनाचा पेपर चालू असताना स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली, मी दाराकडे पाहिले आणि पडद्यावर इशारा आला की नजर हटल्याची नोंद झाली आहे. पुढच्या पेपरांच्या दिवशी घरात पोहे.

पतसंस्थेतला

@चाकणची भरतीवाली, ठराव काढून पाहिला. शब्द 'पदव्युत्तर पदवी' असाच आहे, तेव्हा पदविका बाद. आभारी आहे, हे माझ्या ध्यानात आले नव्हते.

@दुसरी पाळी, तुमच्या मित्राची हकिकत खरी असेल, पण एका माणसाच्या विलंबाचे बिल सगळ्या स्वस्त विद्यापीठांच्या नावावर फाडता येणार नाही. शिवाय तुम्ही ज्याला सोय म्हणता त्यातली निम्मी सोय मागे लागण्याची आहे: 'सर, गृहपाठाची तारीख आली.' ते मी भिंतीवरच्या कालनिर्णयवर लिहीन, त्यासाठी एक लाख दहा हजार जास्त का मोजावेत?

दुसरी पाळी

कारण कालनिर्णय फोन करत नाही. आठ तास उभे राहून घरी आलेल्या माणसाला त्या फोनची किंमत कळते.

निवृत्त वाणिज्य शिक्षक

दोन्ही बाजू फीवरून वाद घालत आहेत आणि दोघांनीही अभ्यासक्रम उघडून पाहिल्याचे दिसत नाही. छत्तीस वर्षे लेखाशास्त्र शिकवले आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

मान्यता ही गोष्ट धागाकर्त्याने एका वाक्यात आटोपली, पण तिच्याकडे दुर्लक्ष झाले की काय होते ते देशाने पाहिले आहे. काही अभिमत विद्यापीठांनी आवश्यक परवानग्यांशिवाय दूरस्थ पद्धतीने अभियांत्रिकीच्या पदव्या वाटल्या होत्या. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१७ मध्ये २००१ ते २००५ या काळात प्रवेश घेतलेल्यांच्या पदव्या स्थगित करून त्यांना पुन्हा परीक्षा द्यायला लावली आणि नंतरच्या तुकड्यांच्या पदव्या तर रद्दच ठरवल्या. तोवर कित्येकांना त्या पदव्यांवर नोकरीत दहा-दहा वर्षे झाली होती. तेव्हा विद्यापीठ खरे आहे एवढे पाहून भागत नाही; तोच अभ्यासक्रम, त्याच पद्धतीने, त्याच सत्रासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दूरस्थ शिक्षण विभागाच्या यादीत आहे का, ते पाहावे. एमबीएच्या बाबतीत अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेचाही संबंध येतो. शिवाय २०२४ पासून विद्यार्थ्याला प्रवेशापूर्वी आयोगाच्या संकेतस्थळावर डीईबी-आयडी, म्हणजे त्या दूरस्थ शिक्षण विभागाचा ओळख क्रमांक, काढावा लागतो. तो स्वतःच काढावा. 'आम्ही काढून देतो, ओटीपी सांगा' म्हणणाऱ्याच्या हाती तो देऊ नये. फोन करणाऱ्या मंडळींविषयी आणखी एक सांगतो: विद्यापीठांना फ्रँचायझी देऊन पदव्या चालवता येत नाहीत, आणि तशा व्यवहारांपासून दूर राहण्याचा इशारा आयोगाने व तंत्रशिक्षण परिषदेने २०२२ मध्येच दिला आहे.

आता मानांकन. ऑनलाइन पदवी सुरू करण्यासाठी विद्यापीठाला नॅक या मूल्यांकन संस्थेचे चांगले गुण किंवा एनआयआरएफ या केंद्र सरकारच्या क्रमवारीत पहिल्या शंभरात स्थान लागते, असा २०२० च्या विनियमांचा साधारण निकष आहे. जाहिरातीत ते नॅकची सर्वोच्च 'ए प्लस प्लस' श्रेणी ठळक छापतात. पण ते मानांकन विद्यापीठाचे असते. त्यात तिथल्या प्रयोगशाळा, ग्रंथालय, वसतिगृह, संशोधन हे सगळे मोजलेले असते, आणि तुम्ही त्या वसतिगृहात राहणार नाही की ग्रंथालयात बसणार नाही. तुम्हाला मिळणार ते ध्वनिचित्रफिती, वाचनसाहित्य, चर्चेची जागा आणि स्वमूल्यमापनाचे प्रश्न. या चार गोष्टी कशा आहेत याविषयी ते मानांकन जवळजवळ काहीच सांगत नाही.

म्हणून माझी कसोटी साधी आहे. इग्नूचे अभ्याससाहित्य त्यांच्या ई-ज्ञानकोश या संकेतस्थळावर कोणालाही फुकट वाचता येते. व्यवस्थापकांसाठीच्या लेखाशास्त्राचा एक घटक उतरवून घ्या आणि कामावरून आल्यावर आठवडाभर रोज तासभर वाचा. मग महागड्या विद्यापीठाकडे त्याच विषयाचा एक संपूर्ण पाठ आणि गेल्या वर्षीची प्रश्नपत्रिका मागा. देत नसतील तर तेही उत्तरच आहे. आपल्याकडे मराठी माध्यमातून बी.कॉम. झालेल्यांची खरी अडचण इंग्रजी परिभाषेची असते, आणि ती फीने सुटत नाही. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून पदवी घेतलेली एक गृहिणी माझ्याकडे शंका विचारायला येत असे. 'घसारा' (वापराने वस्तूच्या किमतीत होणारी घट) म्हटले की पिठाच्या गिरणीच्या यंत्रावर तो लावून ती ताळेबंद चोख मांडायची. 'डिप्रिसिएशन' हा शब्द दिसला की तेच उदाहरण सोडून द्यायची. मी तिला वहीच्या शेवटच्या पानांवर दोन रकाने आखायला लावले, डावीकडे आपला शब्द, उजवीकडे त्यांचा. त्या दोन पानांचा जेवढा उपयोग झाला तेवढा कोणत्याही ध्वनिचित्रफितीचा झाला नसता, असे माझे मत आहे. (शिक्षकाचे मत आहे, थोडे एकांगी असणारच.)

लेखापरीक्षक, सातारा

मूळ प्रश्नच मला चुकीचा वाटतो. सहकारी पतसंस्थेत पुढे जायचे आहे ना? मग जीडीसी अँड ए, म्हणजे सहकार व लेखाशास्त्राची शासकीय पदविका, करा. राज्याच्या सहकार खात्याची परीक्षा आहे, पदवीधराला देता येते, फी एमबीएच्या एका सत्राच्या जवळपासही जात नाही, आणि उत्तीर्ण झालेल्याला लेखापरीक्षणाचा आवश्यक अनुभव झाल्यावर सहकारी संस्थांच्या प्रमाणित लेखापरीक्षकांच्या नामतालिकेसाठी अर्ज करता येतो. सहकार कायदा, उपविधी, थकबाकीची तरतूद, लेखापरीक्षण यांतले जे ज्ञान तुम्हाला रोज सकाळी दहा वाजता लागणार आहे ते त्यात आहे. एमबीएच्या पुस्तकातल्या बहुराष्ट्रीय कंपनीच्या धोरणाचा बिनतारण कर्जाच्या वसुलीत काय उपयोग, ते मला कोणी सांगावे.

चाकणची भरतीवाली

@लेखापरीक्षक, ज्ञान म्हणून तुमचे मत मान्य. पण ठरावात 'पदव्युत्तर पदवी' लिहिले आहे आणि जीडीसी अँड ए ही पदविका आहे. संचालक मंडळासमोर उपयुक्ततेचा युक्तिवाद चालत नाही, कागद चालतो. शिवाय उद्या यांना पतसंस्था सोडून बाहेर पडायचे झाले तर? सहकाराबाहेर त्या पदविकेची ओळख मोजक्यांनाच आहे. एमबीए म्हणजे काय ते निदान विचारावे लागत नाही.

लेखापरीक्षक, सातारा

ओळख सर्वांना आहे म्हणूनच ती स्वस्त झाली आहे. असो. ठराव बदलता येतो, आणि तो कसा बदलावा हेही त्या अभ्यासक्रमात शिकवतात.

पतसंस्थेतला

गुरुजींच्या सांगण्यावरून लेखाशास्त्राचा पहिला घटक वाचला. सात दिवसांत चोवीस पाने झाली. वेग कमी आहे, पण कळते. महागड्या दोन विद्यापीठांकडे नमुना पाठ आणि प्रश्नपत्रिका मागितली होती. एकाने पाठ दिला, तो खरोखर चांगला आहे, शिक्षिका फळ्यावर उदाहरण सोडवत जाते आणि अडेल तिथे मागे नेऊन ऐकता येते. हे मी प्रामाणिकपणे कबूल करतो. दुसऱ्याने पाठाऐवजी पुन्हा शिष्यवृत्तीची मुदत पाठवली.

तरीही माझा निर्णय स्वस्त पर्यायाचाच आहे. पहिल्या विद्यापीठाचा पाठ इग्नूपेक्षा उजवा असेल, पण तो सव्वा लाखाने उजवा नाही, आणि माझ्या मुलीची शाळेची फी त्याच पगारातून जाते. यादी तपासली, डीईबी-आयडी स्वतः काढला, जुलैच्या सत्रासाठी अर्ज भरतो आहे. परीक्षा जून आणि डिसेंबरमध्ये असतात, तेव्हा मार्चअखेरच्या हिशेबाची धांदल त्यांत येत नाही, हा एक फायदा इथे कोणीच मांडला नव्हता. @लेखापरीक्षक, तुमची परीक्षा मे महिन्यात असते असे कळले. एमबीएचे पहिले वर्ष पार पडल्यावर तीही देण्याचा विचार आहे. तोवर ठराव बदलण्याचा प्रकरण क्रमांक सांगून ठेवा.

दुसरी पाळी

मी माझ्या मतावर ठाम आहे, पण मित्राची हकिकत सांगितलीच आहे तर तिच्यातला उपयोगाचा भाग घ्या. प्रकल्पाचा मार्गदर्शक तिसऱ्या सत्रातच गाठा, चौथ्याची वाट पाहू नका. त्याची पात्रता विद्यापीठाच्या अटींत बसते का ते त्याच्याकडून लेखी घ्या, आणि विषय तुमच्या शाखेतल्या थकबाकीचाच निवडा, म्हणजे आकडेवारीसाठी कोणाच्या दारात जावे लागणार नाही. आराखडा पाठवताना पोचपावतीची छायाप्रत काढून ठेवा. माझ्या मित्राने ती ठेवली नव्हती.