‘केल्प’ला मराठीत काय म्हणावे? शेवाळ चालेल का?

अनुवादी : मुलांसाठी एक लेख मराठीत आणतेय. ‘केल्प फॉरेस्ट’पाशी अडलेय. केल्प म्हणजे समुद्रात उंच वाढणारे मोठे शैवाल. ‘शेवाळाचे जंगल’ लिहिले तर घरचेच हसले.

माडबन (मालवण) : हसणारच! शेवाळ म्हटले की विहिरीची पायरी आणि घसरलेला पाय आठवतो. केल्प तसा नव्हे. कॅलिफोर्नियाकडचा राक्षसी केल्प तळच्या खडकाला धरून उभा असतो, 40 मीटरच्याही वर जातो. दोन माड एकावर एक ठेवा. मानवले तर दिवसाला अर्धा मीटर वाढतो.

सड्यावरचा : मग ‘समुद्रवृक्ष’ म्हणा की.

माडबन : नको हो. वृक्ष म्हटला की मूळ आले. केल्पची खालची बोटे नुसती खडक धरतात, अन्न शोषत नाहीत. ते काम पाती करतात. शास्त्राच्या लेखी तो तपकिरी शैवालच. पात्यांच्या बुडाशी हवेचे फुगे, म्हणून ताठ राहतो. आपल्या खडकांवर सरगॅसम नावाचे समुद्री शैवाल येते ना, त्यालाही असे बारके फुगे असतात. लहानपणी चिमटीत फोडायचो. पण सरगॅसम म्हणजे केल्प नव्हे. केल्पला थंड पाणी लागते, आपल्या कोमट समुद्रात त्याची वने नाहीत. तेव्हा कोळ्यांकडे जुना शब्द मिळेल ही आशा सोडा.

वेंगुर्ल्याची : आजी तर किनाऱ्याला लागलेले सगळे ‘शेवाळ’च म्हणायची आणि माडाच्या आळ्यात टाकायची. आणि लाल शैवालापासून काढलेल्या पदार्थाला आपण ‘चायना ग्रास’ म्हणतोच की. गवत कुठले त्यात!

अनुवादी : बरं, ‘जंगल’ की ‘वन’?

माडबन : वन. ‘कांदळवन’ तोंडात बसलेले आहे आणि अर्थही जुळतो. कांदळाच्या मुळांत कोळंबीची, खेकड्यांची पिल्ले दडतात, तशी केल्पच्या पात्यांत माशांची. ‘केल्पवन’ म्हटले की आसरा लगेच कळतो. मुलांना पाणमांजराची गोष्ट जरूर सांगा. 18व्या-19व्या शतकांत फरसाठी समुद्री पाणमांजरे बेसुमार मारली. ती सी अर्चिन खायची, म्हणजे ते काट्यांचे गोळे. खाणारा गेल्यावर अर्चिन माजले, केल्प बुडाशीच कुरतडू लागले. बूड सुटले की अख्खा केल्प वाहून जातो. मासे गेले, मागे उरला आपल्या सड्यासारखा, म्हणजे कोकणातल्या कातळी पठारासारखा, ओसाड कातळ.

सड्यावरचा : सड्याला ओसाड म्हणू नका. श्रावणात या, फुले दाखवतो.

माडबन : चुकलो. ‘उघडा खडक’ लिहा.

वेंगुर्ल्याची : आणि ‘पाणमांजर’च लिही गं, ‘उदमांजर’ नको. ते रात्री आमच्या कौलांवर धावते.

अनुवादी : ‘केल्पवन’ पक्के. पण तो केल्प, ती की ते?

माडबन : मी मगापासून ‘तो’ म्हणतोय, कोणी हटकले नाही.