फेसिंग झालं, पण बोल्टची भोकं?

इंजिनचं हेड गॅस्केट (हेड आणि ब्लॉकमधली सील करणारी पातळ चकती) बदलण्याच्या प्रश्नावर एकाने सांगितलंय, हेड (सिलिंडरवरचं झाकण) लेथवाल्याकडून फेसिंग करून, म्हणजे खालची बाजू सपाट करून आणा, नवं गॅस्केट टाका, विषय संपला. फेसिंगचं पटलं, पण हेड ज्यावर बसतं त्या ब्लॉकचा माथापण सरळ पट्टी आणि फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्या) लावून बघायला हवा, बऱ्याच छोट्या पेट्रोल इंजिनांना ०.०५ मिमीच्या पुढे वाक चालत नाही.

आणि बोल्टच्या भोकांबद्दल कोणीच बोललं नाही. हेड उचलताना कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी), ऑइल हमखास त्यात उतरतं, बऱ्याच ब्लॉकमध्ये ही भोकं खालून बंद असतात, मग बोल्ट पिळला की आतल्या पाण्याला जायला जागाच नाही, टॉर्क रेंच (ठरलेला जोर लागला की वाजणारा पाना) मस्त कट्ट वाजतो आणि हेड मात्र नीट दाबलेलंच नसतं, जास्त भरलेलं असेल तर ब्लॉकला तडासुद्धा जातो. आमच्या इथला मिस्त्री आधी स्क्रूड्रायव्हरला चिंधी गुंडाळून आतून पुसतो, मग एअर मारतो, तेही वरून फडकं धरून, नाहीतर सगळं डोळ्यात. बोल्ट शेवटी डिग्रीने, म्हणजे ठरावीक अंशात फिरवून घट्ट करायचे असतील तर ते ताणले जातात, अशा ठिकाणी कंपनी बहुतेक वेळा नवेच टाकायला सांगते, गॅरेजवाला जुनेच चालतील म्हणाला तर मॅन्युअल दाखवा त्याला.