लघवीचा संसर्ग: तुमचे अनुभव लिहा

सांजवात
काल रात्री भाचीचा फोन. "मावशी, जाऊन आले की लगेच परत जावंसं वाटतं, आणि नुसती आग होते गं." ऐकूनच माझं ओटीपोट कळवळलं. हॉस्टेलात असताना मला अशीच उन्हाळी लागली होती. दाराला टेकून, दात आवळून उभी राहायचे, येणार चार थेंब, शेवटचा सुरीसारखा. सांगणार कुणाला? हिने निदान फोन तरी केला. म्हटलं, सकाळी आधी नमुना दे, मग गोळी. तुम्हीही लिहा, तिला वाचायला देते.

गोधडी
कल्चर कराच (लघवीतले जंतू वाढवून कोणते आहेत, कुठलं औषध लागू पडतं ते बघायची तपासणी)!! मला परत परत व्हायचं. गोळ्या, थोडे दिवस बरं, की पुन्हा सुरू. शेवटी कल्चरमध्ये ई. कोलाय नावाचा जंतू निघाला, आणि मला मिळत होती त्या गोळीला तो दादच देत नव्हता. रिपोर्टात औषधांपुढे एस नाहीतर आर असतं. आर म्हणजे त्या औषधाचा उपयोग नाही. रिपोर्टला २-३ दिवस लागतात, तोवर डॉक्टर अंदाजाने औषध सुरू करतात, ते ठीकच. पण नमुना पहिल्या गोळीआधी, आणि सुरुवातीची धार सोडून मधली.

चिंब
+१. नायट्रोफ्युरँटोइन (याच संसर्गावरचं औषध) चालू असताना लघवी तपकिरी झाली की घाबरू नका, औषधाचा रंग आहे. खाऊन घ्या, नाहीतर मळमळतं.

रानवारा
पुरुषांनी लिहिलं तर चालेल ना? बाबांची प्रोस्टेट वाढलेली, त्यामुळे मूत्राशय पूर्ण रिकामं होत नाही आणि उरलेल्या लघवीत जंतू वाढतात. जळजळ होतेय हे ते बोललेच नाहीत. एका रात्री हुडहुडी अशी की पलंग हलत होता, ताप, उलट्या, एका कुशीत दुखणं. किडनीपर्यंत गेलं होतं. ॲडमिट करून शिरेतून औषध द्यावं लागलं. ताप आणि कुशीत दुखणं दिसलं की सकाळची वाट बघू नका, कृपया.

सांजवात
चालेल काय, लिहाच! बाबा कसे आहेत आता?

रानवारा
बरे आहेत ताई. आता स्वतःहून सांगतात.

पिंपळपान
मला गरोदरपणात काहीच त्रास नव्हता, तरी तपासणीत जंतू निघाले आणि औषध दिलं. गरोदरपणात देतातच, किडनीला संसर्ग व्हायची भीती असते. आजेसासूबाईंच्याही लघवीत जंतू निघाले, त्रास काही नाही, तर डॉक्टरांनी औषध दिलं नाही. नणंदेला हा अन्याय वाटला, पण दोन्ही बरोबरच होतं. बाळ उठलं, येते परत.

शेवंती
पाळी गेल्यावर मला हे सारखं व्हायला लागलं. तिथे आतून लावायचं इस्ट्रोजेन क्रीम दिलं, खूप फरक पडला. बायका हे विचारतच नाहीत, जीव तुटतो. विचारा गं डॉक्टरांना. आणि क्रॅनबेरीने काहींना परत होणं कमी होतं, पण झालेला संसर्ग बरा होत नाही.

चिंब
शेवंतीकाकू, खूप आभार, आईला दाखवते. @गोधडी, तुझं थांबलं का गं?

गोधडी
हो. आमच्याकडे शुक्राणुनाशक जेली कारण निघाली, ती बंद केली. पाणी वाढवलं. तुला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते, कुकर लावून.

अबोली
अवांतर, पण आमच्या ऑफिसात स्वच्छतागृह दोन मजले खाली, म्हणून निम्म्या जणी पाणीच पीत नाहीत. कुणाच्या ऑफिसात अर्ज देऊन हे बदललंय का? मसुदा असेल तर टाका.