पित्त, अल्सर, घशाशी येणं: तुमचे अनुभव लिहा

'पित्त झालंय' म्हणून आपण किती निरनिराळे आजार अंगावर काढतो, हे मला अल्सर झाल्यावर कळलं. रात्री दोनच्या सुमारास बेंबीच्या वर कुरतडल्यासारखं दुखायचं, दोन घास खाल्ले की थांबायचं. वर्षभर मनानेच गोळ्या घेतल्या. शेवटी दुर्बिणीची तपासणी केली. लहान आतड्याच्या तोंडाशी जखम होती आणि तुकडा तपासला त्यात हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू सापडला. चौदा दिवस दोन प्रतिजैविकं आणि आम्ल कमी करणारी गोळी. तोंडाला सतत धातूसारखी कडू चव, पण एकही डोस चुकवला नाही.

महिन्याभराने श्वासाची चाचणी झाली. युरियाचं द्रावण प्यायचं आणि थोड्या वेळाने पिशवीत फुंकायचं. जंतू उरला असेल तर तो युरिया फोडतो आणि ते श्वासात उमटतं. आम्लाची गोळी त्याआधी दोन आठवडे बंद ठेवावी लागते, नाहीतर जंतू असूनही दिसत नाही. मला हे आधी कुणी सांगितलं नव्हतं, त्यामुळे चाचणी पुन्हा करावी लागली.

अल्सर ताणाने आणि तिखटाने होतो, असंच मी समजत होते. ऑस्ट्रेलियन डॉक्टर बॅरी मार्शल यांनी १९८४ साली हे जंतू स्वतः पिऊन जठराला सूज आणून दाखवली. त्यांना आणि त्यांचे सहकारी रॉबिन वॉरन यांना २००५ चं नोबेल मिळालं. तरी ती समजूत अजून जात नाही.

तुमचं निदान कसं झालं? कशाने गुण आला? जरूर लिहा.

*

मला जळजळ कधीच झाली नाही. फक्त कोरडा खोकला आणि सकाळी बसलेला आवाज. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी रिफ्लक्स, म्हणजे जठरातलं आम्ल घशाशी येणं, ओळखला. आम्ल कमी करणारी गोळी मी रात्री जेवल्यावर घेत होतो. ती जेवणाआधी अर्धा तास घ्यायची असते, कारण जेवताना जठरातले आम्लाचे पंप सुरू होतात आणि तेव्हा औषध रक्तात हवं. जास्त उशा घेऊन पोट दुमडायचं नि त्रास वाढायचा. मग पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली वीतभर उंचीचे ठोकळे ठेवले, डाव्या कुशीवर झोपू लागलो, जेवण झोपेच्या तीन तास आधी आणलं. दोन महिन्यांनी खोकला गेला.

*

बाबा गुडघ्यासाठी रोज वेदनाशामक घ्यायचे. पोट कधीच दुखलं नाही, नुसता थकवा. एक दिवस म्हणाले, शौचाला डांबरासारखी काळी होतेय. अल्सरमधून रक्त जात होतं. दुर्बिणीतूनच चिमटा लावून ते थांबवलं. वेदनाशामक रोज घेणारं कुणी घरात असेल तर शौचाचा रंग विचारत जा, लाजू नका.

*

पाच वर्षं चालू असलेली आम्ल कमी करणारी गोळी मी एकदम बंद केली आणि आठवडाभर आधीपेक्षा वाईट जळजळलं. मला वाटलं, आता ही जन्माची. डॉक्टर म्हणाले, दाबून ठेवलेलं आम्ल उसळतं, काही आठवड्यांत शमतं. डोस हळूहळू उतरवला. आता गोळी नाही.

*

माझी 'जळजळ' जिना चढताना व्हायची, थांबलं की विरायची. जेवणाशी काहीच संबंध नव्हता. तरी महिनाभर पित्ताचंच औषध घेतलं. एकदा घाम फुटला, डावा हात जड झाला, तेव्हा बायकोने हट्टाने ईसीजी काढायला नेलं. त्याच रात्री हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट पडला.