इकोस्पोर्टच्या 1.0 इकोबूस्ट इंजिनात 5डब्ल्यू-20 ऐवजी 15डब्ल्यू-40 ऑइल चालेल का?

नाशिकचा_वाटसरू

नमस्कार मंडळी. माझ्याकडे 2014 सालची फोर्ड इकोस्पोर्ट आहे, 1.0 लिटर इकोबूस्ट पेट्रोल इंजिनाची. अधिकृत सर्व्हिस सेंटर आता घरापासून फार लांब पडत असल्यामुळे गाडी ओळखीच्या गॅरेजमध्ये देतो. मॅन्युअलमध्ये 5डब्ल्यू-20 ऑइल आणि डब्ल्यूएसएस-एम2सी948-बी हा फोर्डचा मानक क्रमांक दिला आहे. आमच्या मेकॅनिकचे म्हणणे असे की इतके पातळ ऑइल आपल्या उन्हाळ्यात टिकत नाही, म्हणून 15डब्ल्यू-40 टाकावे. दुकानात 5डब्ल्यू-20 चे दोन डबे दाखवले. एकावर फोर्डचा क्रमांक छापलेला आहे, दुसऱ्यावर फक्त एपीआय एसपी (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटचे मानक) आहे आणि तो बराच स्वस्त आहे. मेकॅनिकचे ऐकावे का, आणि न ऐकल्यास या दोनपैकी कोणता डबा घ्यावा?

वंगणशास्त्र

फोर्डचा क्रमांक छापलेला डबा घ्यावा आणि 15डब्ल्यू-40 चा विचार सोडून द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. वंगणाच्या प्रयोगशाळेत काम करत असल्याने कारणही सविस्तर देतो.

आपल्या इंजिनाचा टायमिंग बेल्ट, म्हणजे झडपा योग्य वेळी उघडण्या-मिटण्यासाठी फिरणारा पट्टा, रबराचा आहे आणि तो बाहेर कोरडा न फिरता इंजिनाच्या आत, ऑइलमध्ये भिजत फिरतो. ऑइल पंप चालवणारा दुसरा छोटा बेल्टही तसाच ऑइलमध्ये आहे. म्हणजे येथे ऑइलला धातू वाचवण्याबरोबरच रबराशीही वर्षानुवर्षे जमवून घ्यायचे असते. कंपनीने आपला वेगळा क्रमांक ठरवला, तो आपल्या इंजिनाच्या अशा गरजा लक्षात घेऊनच. एपीआय एसपी हे 2020 मध्ये आलेले चांगले मानक आहे. टर्बो इंजिनात कमी वेगावर होणारे अवेळी ज्वलन आणि टायमिंग चेनची झीज, या दोन्हींच्या चाचण्या त्यात आहेत. परंतु ते सर्व कंपन्यांच्या पेट्रोल इंजिनांसाठी असलेले सामाईक मानक असल्यामुळे फोर्डच्या क्रमांकाची जागा ते घेऊ शकत नाही.

आता दाटपणाविषयी. शंभर अंश तापमानाला 20 श्रेणीच्या (म्हणजे 5डब्ल्यू-20 सारख्या) ऑइलची स्निग्धता, म्हणजे दाटपणा, 6.9 ते 9.3 सेंटिस्टोक्सच्या दरम्यान असते, तर 40 श्रेणीच्या (15डब्ल्यू-40 सारख्या) ऑइलची 12.5 ते 16.3. हा फरक थोडाथोडका नाही. या इंजिनातला ऑइल पंप गरजेनुसार कमी-जास्त ऑइल देणारा आहे आणि त्यातले सगळे मार्ग पातळ ऑइल गृहीत धरून आखलेले आहेत. पहाटे थंड इंजिन सुरू केल्यावर दाट ऑइल टर्बोच्या बेअरिंगपर्यंत उशिरा पोहोचते, आणि तेवढा वेळ बेअरिंगला कोरडेच फिरावे लागते.

कोल्हापूर_गॅरेज

वरच्या प्रतिसादाशी सहमत आहे. गॅरेज चालवणारा म्हणून प्रत्यक्ष पाहिलेले सांगतो.

याच इंजिनाची एक गाडी ऑइल प्रेशरचा लाल दिवा लागतो म्हणून आमच्याकडे आली होती. चेंबर (इंजिनाखालचे ऑइल साठवणारे पात्र) उतरवल्यावर दिसले की ऑइल खेचणाऱ्या नळीच्या तोंडाची जाळी काळ्या, मऊ चुऱ्याने जवळजवळ पूर्ण बुजली होती. चुरा बोटांत चोळला की रबर आहे हे लगेच कळत होते. बेल्टच्या कडांचे दोरे सुटले होते आणि पाठीवर बारीक भेगा पडल्या होत्या. आधी कोणते ऑइल पडत होते, हे मालकांना सांगता आले नाही. बिलावर केवळ ‘इंजिन ऑइल’ एवढेच लिहिलेले होते. त्यामुळे दोष नक्की कशाचा, हे मी छातीठोकपणे सांगणार नाही. मात्र बेल्ट तुटण्याआधीच त्याचा चुरा इंजिनाला ऑइलविना मारू शकतो, हे मालकांनी समजून घेणे फार गरजेचे आहे. आपण बिलावर ऑइलचे नाव, श्रेणी आणि मानक क्रमांक तिन्ही लिहून घेत जा.

गाडी बारा महिने गावातल्या गावात, दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्यांत फिरत असेल, तर न जळलेले पेट्रोल ऑइलमध्ये उतरते आणि तेही बेल्टच्या रबराला घातक असते. अशा वापरात मॅन्युअलमधल्या अंतराची वाट न पाहता ऑइल लवकर बदललेले बरे. ऑइल मोजायच्या पट्टीवर पातळी वाढलेली दिसली किंवा ऑइलला पेट्रोलचा वास आला, तर ऑइल बदलायला उशीर करूच नये.

चंद्रपूरकर

मला एक शंका मांडायची आहे. आमच्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो. पातळ ऑइलचा आग्रह कंपन्या मायलेजचे आकडे सुधारण्यासाठी धरतात, असे अनेक जाणकार म्हणतात. मग उष्ण प्रदेशातल्या ग्राहकाने तो का मानावा?

वंगणशास्त्र

शंका रास्त आहे आणि तिच्यात तथ्यही आहे. पातळ ऑइलमुळे इंधन वाचते आणि कंपन्यांना ते हवेच असते. पण इंजिन चांगले तापल्यावर आतले ऑइल साधारण शंभर अंशांच्या आसपास राहते. थर्मोस्टॅट आणि रेडिएटर ते सांभाळतात. त्यामुळे बाहेर 30 अंश आहेत की 45, याने आतल्या ऑइलच्या तापमानात वाटतो तितका फरक पडत नाही. काही कंपन्यांच्या मॅन्युअलमध्ये बाहेरच्या तापमानानुसार कोणती श्रेणी वापरावी याचा तक्ता दिलेला असतो. तिथे दाट श्रेणीला परवानगी असेल, तर आपण ती निर्धास्तपणे वापरावी. पण ती मोकळीक त्या इंजिनाच्या मॅन्युअलने द्यायची असते, हवामानाकडे बघून आपण घ्यायची नसते. याच इकोस्पोर्टच्या डिझेल इंजिनाला फोर्डचा 913 मालिकेतला वेगळा क्रमांक आणि 5डब्ल्यू-30 श्रेणी लागते. गाडीचे नाव सांगून ऑइल मागणाऱ्यांची इथेच फसगत होते.

नाशिकचा_वाटसरू

सर्वांचे मनापासून आभार. क्रमांक छापलेलाच डबा घेणार. पण त्यावर ‘शिफारस केलेले’ असे शब्द आहेत, ‘मान्यताप्राप्त’ असे नाहीत. यात काही फरक असतो का? आणि प्रवासात पातळी कमी दिसली नि हे ऑइल मिळाले नाही, तर काय करावे?

वंगणशास्त्र

फरक मोठा आहे. ‘मान्यताप्राप्त’ म्हणजे गाडी बनवणाऱ्या कंपनीने ते ऑइल तपासून परवानगी दिली आहे. ‘शिफारस केलेले’ किंवा ‘साठी योग्य’ हा ऑइल विकणाऱ्याचा स्वतःचा दावा असतो. मर्सिडीज मान्यताप्राप्त ऑइलच्या याद्या खुल्या ठेवते, त्यामुळे तिथे पडताळणी सोपी आहे. आपल्या बाबतीत ऑइल कंपनीच्या संकेतस्थळावर त्या उत्पादनाचे तांत्रिक माहितीपत्रक उघडून 948-बी समोर नेमके काय लिहिले आहे ते वाचा. शब्द मोघम असतील तर मान्यता स्पष्ट लिहिणारे दुसरे ऑइल शोधा. डब्याचे सील, बॅच क्रमांक आणि उत्पादनाची तारीखही दुकानातच तपासून घ्या.

वाटेत पातळी कमी झाल्यास चांगल्या कंपनीचे 5डब्ल्यू-30 थोडेसे घालून घर गाठायला हरकत नाही, कारण कमी ऑइलवर गाडी चालवणे त्याहून वाईट. पुढच्या बदलाच्या वेळी मात्र सगळे ऑइल काढून, फिल्टरसह, योग्य क्रमांकाचे भरून घ्या.

कोल्हापूर_गॅरेज

यात एक भर घालतो. गाडी दहा वर्षांच्या पुढे गेली आहे. त्यामुळे या वेळी ऑइल बदलताना चेंबर उतरवून जाळी आणि ऑइल पंपाचा बेल्ट दोन्ही पाहायला सांगा, आणि टायमिंग बेल्ट आधी कधी बदलला आहे का, याची नोंद शोधा. नोंद सापडली नाही तर तो बदललेला नाही असे समजूनच काम करून घ्या.