तात्यांचं आभाळ

‘एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आकाश बंद केलं, हा सरळ कायदेभंग’ असं कुणीतरी लिहिलंय. इतकं सरळ नाही हो. देशादेशांतल्या नागरी विमानवाहतुकीचा १९४४ चा शिकागो करार आहे; त्याचं पहिलं कलमच म्हणतं, आपल्या भूमीवरच्या आकाशावर त्या देशाची पूर्ण सत्ता. सहाव्यानुसार नियमित विमानसेवेला परवानगी लागतेच. भांडायचं तर नवव्यावर भांडा: तात्पुरती बंदी घालताना राष्ट्रीयत्वावरून भेदभाव नको, असं तिथे आहे. अर्थात त्याच महिन्यात आपणही त्यांना आकाश बंद केलंच की!

इकडे तासगावात शेजाऱ्याचा फवारणीचा ड्रोन आमच्या द्राक्षबागेवर आला, की तात्या काठी घेऊन बांधावर. "जमीन माझी, आभाळबी माझंच!" तात्या, औषध घडांवर उडालं तर जरूर भांडा, पण सगळंच आभाळ काही तुमचं नाही.